पॅकेट कुठे अडते ते आधी शोधा: लिनक्स राउटरचा वेग वाढवण्याची सविस्तर पद्धत

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या तालुक्याच्या गावांत केबलचा व्यवसाय करणारे अनेक जण आता ब्रॉडबँडही देतात. त्यांतल्या बऱ्याच जणांकडे लिनक्सवर चालणारे एकच यंत्र राउटर, फायरवॉल, नॅट (अनेक ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे ठेवणारी सोय) आणि पीपीपीओई सर्व्हर (ग्राहकांचे लॉगिन घेऊन जोडणी देणारी सेवा) अशी सगळी कामे करत असते. दिवसभर सारे सुरळीत चालते, पण रात्री आठनंतर व्हिडिओ अडखळू लागतात, ऑनलाइन खेळणाऱ्या मुलांच्या तक्रारी येतात, आणि मालकाला वाटते की बँडविड्थ कमी पडते आहे किंवा सर्व्हर जुना झाला आहे. पुष्कळदा या दोन्हींपैकी काहीच खरे नसते. यंत्रात ताकद असते, पण पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, हाताळण्याचे काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर (स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागावर) साचलेले असते. ते काम नीट वाटून दिले, तर तेच यंत्र आणखी काही वर्षे चालू शकते. हा लेख असे यंत्र सांभाळणाऱ्यांसाठी आहे, मग ते अमळनेरच्या केबल चालकाचे असो, महाविद्यालयाच्या संगणक विभागाचे असो किंवा एखाद्या जिनिंग कारखान्याच्या कार्यालयातले असो.

लेखात आज्ञांची आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत; यंत्रावर ती रोमन अक्षरांत टंकायची आहेत. नेटवर्क कार्डाची सेटिंग पाहणाऱ्या आणि बदलणाऱ्या ईथटूल या साधनाचा उल्लेख वारंवार येईल. त्यात बहुतेक ठिकाणी लहान अक्षराचा पर्याय सध्याची स्थिती दाखवतो आणि त्याच अक्षराचे मोठे रूप ती स्थिती बदलते. एस हे अक्षर त्याला अपवाद आहे, कारण मोठा एस आकडेवारी दाखवतो.

खर्च पॅकेटमागे असतो, बाइटमागे नव्हे

सावदा किंवा रावेरला केळीच्या गाड्या वजनकाट्यावर येतात, तेव्हा भरलेल्या मोठ्या ट्रकला आणि अर्ध्या भरलेल्या छोट्या टेम्पोला काट्यावर जवळपास सारखाच वेळ लागतो, त्यामुळे दिवसभरात किती टन माल गेला यापेक्षा किती गाड्या आल्या यावर रांग ठरते. राउटरचेही तसेच आहे. मार्ग शोधणे, फायरवॉलचे नियम तपासणे, नॅटची नोंद पाहणे ही कामे प्रत्येक पॅकेटमागे एकदा होतात, मग ते पॅकेट 64 बाइटचे असो वा 1,500 बाइटचे.

आकडे पाहिले की हे स्पष्ट होते. इथरनेटवरची सर्वांत लहान फ्रेम 64 बाइटची असते आणि तिच्याभोवतीचे प्रिअँबल व दोन फ्रेममधले अंतर धरून तारेवर ती 84 बाइटची जागा घेते. त्या हिशेबाने 1 गिगाबिटच्या पोर्टवर सेकंदाला सुमारे 14 लाख 88 हजार आणि 10 गिगाबिटच्या पोर्टवर 1 कोटी 48 लाख पॅकेटे येऊ शकतात. म्हणजे 10 गिगाबिटला एका पॅकेटसाठी 67 नॅनोसेकंद मिळतात, आणि 3 गिगाहर्ट्झच्या कोअरवर तेवढ्या वेळात जेमतेम 200 चक्रे होतात. मेमरीतून एक माहिती आणायलाच यातला मोठा वाटा जातो. हा टोकाचा प्रसंग आहे हे खरे. 1,000 बाइटच्या फ्रेम असतील तर 10 गिगाबिटला सेकंदाला सुमारे 12 लाखच पॅकेटे होतात. तरीही आपल्या राउटरची क्षमता सांगताना गिगाबिटबरोबर सेकंदाला किती पॅकेटे हेही सांगण्याची सवय लावून घ्यावी.

पहिली पायरी: मोजणी

कोणतीही सेटिंग बदलण्याआधी, गर्दीच्या वेळी, म्हणजे रात्री नऊच्या सुमारास, चार ठिकाणचे आकडे घेऊन ठेवावेत. ही पायरी टाळण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण पुढच्या साऱ्या पायऱ्यांपैकी आपल्याला नेमकी कोणती हवी हे हेच आकडे सांगतात.

सुरुवात प्रोसेसरपासून करावी. टॉप किंवा त्यासारख्या साधनात दिसणारी सरासरी इथे फसवी ठरते. आठ कोअरच्या यंत्रात एक कोअर पूर्ण भरला आणि उरलेले सात रिकामे असले, तर सरासरी साडेबारा टक्केच दिसते आणि पाहणारा निश्चिंत होतो. म्हणून एमपीस्टॅट ही आज्ञा सर्व कोअर वेगवेगळे दाखवण्याच्या पर्यायासह, दर सेकंदाला चालवावी आणि त्यातला सॉफ्ट हा रकाना पाहावा. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, पॅकेटे हाताळण्यात जो वेळ घालवते तो मुख्यतः या रकान्यात येतो. एखाद्या कोअरसमोर तो 90 च्या वर आणि बाकींसमोर 5 च्या खाली असेल, तर रोगाचे निदान जवळपास झालेच.

दुसरी नोंद प्रोक, नेट, सॉफ्टनेट_स्टॅट या फाइलची. ती उघडली की समोर केवळ शून्ये आणि षोडशमान अंकांच्या ओळी दिसतात, त्यामुळे अनेक जण ती लगेच बंद करतात. पण तिच्याइतकी उपयोगी फाइल क्वचितच सापडेल. प्रत्येक ओळ एका कोअरची असते. पहिला रकाना त्या कोअरने हाताळलेली पॅकेटे दाखवतो. दुसरा रकाना कोअरची अंतर्गत रांग भरल्यामुळे टाकून दिलेली पॅकेटे दाखवतो. तिसरा रकाना सांगतो की काम शिल्लक असतानाच ठरलेला वेळ किंवा ठरलेला कोटा संपून कोअरला किती वेळा थांबावे लागले. समजा, पहिल्या ओळीत पहिला रकाना भराभर वाढतो आहे, तिसराही हलतो आहे आणि खालच्या सात ओळी जवळपास स्थिर आहेत. तर सारे काम एकट्या पहिल्या कोअरवर पडते आहे. या फाइलमधले आकडे यंत्र सुरू झाल्यापासूनचे असतात, म्हणून एकदा पाहून निष्कर्ष काढू नये. दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा पाहून फरक घ्यावा.

तिसरी नोंद नेटवर्क कार्डाची. ईथटूल मोठ्या एससह चालवले की ड्रायव्हरची आकडेवारी येते. नावे ड्रायव्हरप्रमाणे बदलतात, पण मिस्ड, नो बफर किंवा ड्रॉप्ड असे शब्द असलेल्या ओळी वाढत असतील, तर कार्डाने घेतलेली पॅकेटे कर्नलने वेळेत उचलली नाहीत असे समजावे. सीआरसीच्या, म्हणजे वाटेत बिघडलेल्या फ्रेमच्या, ओळी वाढत असतील तर मामला वेगळाच आहे: तार, पॅचकॉर्ड किंवा ऑप्टिकल मॉड्यूल बिघडलेले आहे, आणि सॉफ्टवेअरमध्ये कितीही बदल केले तरी ते दुरुस्त होणार नाही.

चौथी नोंद म्हणजे कर्नलचा संदेशलेख, अर्थात डीमेसेज. त्यात कॉनट्रॅकची (चालू जोडण्यांच्या नोंदींची) टेबल भरली आणि पॅकेट टाकले अशा अर्थाची ओळ आहे का, प्रोसेसर तापल्यामुळे घड्याळ कमी केल्याची नोंद आहे का, हे पाहावे. याच वेळी सार या मोजणीच्या आज्ञेच्या साहाय्याने प्रत्येक पोर्टवरची सेकंदाची पॅकेटेही टिपून ठेवावीत. वरच्या पुरवठादाराकडून आलेली लिंकच काठोकाठ भरलेली असेल, तर पुढच्या बहुतेक पायऱ्यांचा उपयोग नाही. थेट ‘लिंक भरलेली असेल तेव्हा’ या भागाकडे जावे.

यंत्राची प्रकृती

खानदेशात हा भाग वगळून चालत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, आणि पत्र्याच्या छताखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या बंद खोलीत यंत्राभोवतीची हवा त्याहूनही गरम असते. प्रोसेसर मर्यादेपलीकडे तापला की स्वतःला वाचवण्यासाठी घड्याळाचा वेग कमी करतो, आणि मग हिवाळ्यात व्यवस्थित चालणारी मांडणी उन्हाळ्यात पॅकेटे टाकू लागते. सेन्सर्स या आज्ञेने तापमान आणि टर्बोस्टॅटने प्रत्यक्ष वेग पाहावा. हीटसिंकवरची धूळ काढणे आणि खोलीतली गरम हवा बाहेर जाण्याची सोय करणे हे काम कोणत्याही सेटिंगच्या आधीचे आहे.

त्यानंतर प्रोसेसरचा गव्हर्नर, म्हणजे घड्याळाचा वेग ठरवणारी सेटिंग, सीपीयूपॉवरने परफॉर्मन्सवर ठेवावा, म्हणजे काम आल्यावर वेग वाढण्याची वाट पाहावी लागत नाही. कार्ड योग्य स्लॉटमध्ये आहे का हेही तपासावे. दोन पोर्टचे 10 गिगाबिट कार्ड दुसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसच्या चार लेनवर बसले, तर मार्गाची कमाल क्षमताच 16 गिगाबिट होते आणि दोन्ही पोर्ट पूर्ण चालू शकत नाहीत. दोन प्रोसेसरचे जुने सर्व्हर आपल्याकडे स्वस्तात मिळतात. त्यांत कार्ड ज्या प्रोसेसरला जोडलेले आहे त्याच प्रोसेसरच्या कोअरवर काम ठेवावे, कारण दुसऱ्या प्रोसेसरच्या मेमरीपर्यंतचा फेरा महागात पडतो.

रांगा आणि कोअर यांची वाटणी

सगळ्यांत मोठा फायदा इथे मिळतो, म्हणून या पायरीला वेळ द्यावा.

आजच्या बहुतेक सर्व्हर कार्डांत पॅकेटे घेण्यासाठी एकाहून अधिक रांगा असतात. कार्ड प्रत्येक पॅकेटचा स्रोत पत्ता, गंतव्य पत्ता आणि पोर्ट क्रमांक यांवरून हॅश (एक हिशेबी संख्या) काढते आणि त्यानुसार त्याला एका रांगेत टाकते. या सोयीला आरएसएस म्हणतात. एका जोडणीची सर्व पॅकेटे एकाच रांगेत जातात, त्यामुळे त्यांचा क्रम बिघडत नाही. ईथटूल लहान एलसह चालवून कार्डाला किती रांगा शक्य आहेत आणि सध्या किती चालू आहेत ते पाहावे, आणि मोठ्या एलने त्या प्रत्यक्ष कोअरच्या संख्येइतक्या कराव्यात. हायपरथ्रेडिंगमुळे दिसणारे जोड-कोअर यात मोजू नयेत.

एक सावधगिरी आवर्जून सांगतो. रांगांची संख्या किंवा पुढे येणारा रिंग बफर बदलताना अनेक ड्रायव्हर कार्ड क्षणभर बंद करून पुन्हा सुरू करतात. तेवढ्यात पीपीपीओईची सत्रे तुटू शकतात आणि शेकडो ग्राहक एकदम पुन्हा लॉगिन करू लागतात. हे बदल पहाटेच करावेत.

रांगा तयार झाल्यावर प्रत्येक रांगेचा इंटरप्ट, म्हणजे पॅकेटे आल्याची प्रोसेसरला दिलेली सूचना, वेगळ्या कोअरकडे जातो का हे प्रोकमधल्या इंटरप्ट्स फाइलमध्ये दिसते. आयआरक्यूबॅलन्स ही सेवा ते काम आपोआप करते आणि साध्या यंत्रावर ते पुरेसे असते. पण जिथे राउटिंग हेच एकमेव काम आहे तिथे ती सेवा बंद करून, प्रत्येक इंटरप्टच्या एसएमपी_ॲफिनिटी_लिस्ट फाइलमध्ये कोअरचा क्रमांक स्वतः लिहावा, म्हणजे वाटणी मध्येच बदलत नाही.

इतके करूनही एकच कोअर भरत राहिला, तर कारण बहुधा पीपीपीओई असते. पीपीपीओईचे पॅकेट म्हणजे आयपी पॅकेटवर चढवलेले आणखी एक वेष्टन. अनेक कार्डे त्या वेष्टनाच्या आत डोकावू शकत नाहीत, त्यांना आयपी पत्ता दिसत नाही, आणि मग सगळी पॅकेटे पहिल्याच रांगेत जातात. कार्डाला सोळा रांगा असल्या तरी ग्राहकांच्या बाजूची सारी वर्दळ एकाच कोअरवर येते. छोट्या ब्रॉडबँड चालकांच्या यंत्रांत हे इतके सर्रास आढळते की रात्रीच्या तक्रारींचा शोध मी याच ठिकाणापासून सुरू करायला सांगेन.

यावर उपाय कर्नलमध्येच आहे. 2010 साली आलेल्या 2.6.35 या आवृत्तीपासून लिनक्समध्ये आरपीएस ही सोय आहे. ती कार्डाचे वाटणीचे काम सॉफ्टवेअरमध्ये करते, आणि कर्नलला पीपीपीओईच्या आतला आयपी पत्ता वाचता येतो. कार्डाच्या सिस फाइलींमध्ये क्यूज या फोल्डरात प्रत्येक रांगेसाठी आरपीएस_सीपीयूज नावाची फाइल असते. तिच्यात कोअरचा मुखवटा षोडशमान अंकांत लिहायचा असतो: आठही कोअर वापरायचे असतील तर एफएफ, आणि इंटरप्ट घेणाऱ्या पहिल्या कोअरला या कामातून वगळायचे असेल तर एफई. मी एफई सुचवतो, कारण पहिला कोअर कार्डातून पॅकेटे उचलून वाटण्यातच गुंतलेला असतो. बदल करताच सॉफ्टनेट_स्टॅटच्या खालच्या ओळी हलू लागतात आणि एमपीस्टॅटमध्ये भार पसरलेला दिसतो. आता मात्र त्या फाइलच्या दुसऱ्या रकान्यावर लक्ष ठेवावे; तो वाढू लागला तर नेटडेव्ह_मॅक्स_बॅकलॉग हे मूल्य, जे सुरुवातीला 1,000 असते, चार-पाच हजारांपर्यंत न्यावे. आरपीएसच्या जोडीने येणारी आरएफएस ही सोय मात्र त्याच यंत्रावर चालणाऱ्या सर्व्हर प्रोग्रॅमसाठी आहे. केवळ पॅकेटे पुढे पाठवणाऱ्या राउटरला तिचा लाभ नाही.

आणखी एक बारकावा. इंटेलची अनेक कार्डे यूडीपीचा हॅश काढताना केवळ पत्ते पाहतात, पोर्ट क्रमांक पाहत नाहीत. यूट्यूबसारख्या सेवांचा मोठा भाग आता क्विक या यूडीपीवर चालणाऱ्या प्रोटोकॉलने येतो, त्यामुळे वाटणी असमान होऊ शकते. ईथटूल मोठ्या एनसह, आरएक्स-फ्लो-हॅश आणि यूडीपी4 यांपुढे एसडीएफएन ही चार अक्षरे दिल्यास पोर्टही हॅशमध्ये धरले जातात.

बफर आणि इंटरप्टची लय

कार्ड आलेली पॅकेटे रिंग बफरमध्ये ठेवते आणि कर्नल तिथून ती उचलते. इंटेलच्या अनेक कार्डांत या बफरचा आकार सुरुवातीला 256 किंवा 512 असतो आणि तो 4,096 पर्यंत वाढवता येतो. मोजणीत कार्डाचे मिस्ड आकडे वाढत असतील तर ईथटूलच्या मोठ्या जीने तो 1,024 किंवा 2,048 करावा. थेट कमाल आकडा लावण्याची पद्धत मला पटत नाही: मोठा बफर प्रोसेसरच्या कॅशमध्ये मावत नाही, पॅकेटे त्यात जास्त वेळ पडून राहतात, आणि मूळ कारण, म्हणजे कोअर अपुरा पडणे, झाकले जाते.

प्रत्येक पॅकेटमागे एक इंटरप्ट दिला तर प्रोसेसर इंटरप्टांतच बुडून जाईल, म्हणून लिनक्सचे नॅपी हे तंत्र इंटरप्ट काही काळ बंद ठेवून पॅकेटे गटाने उचलते. कार्डाच्या बाजूनेही इंटरप्ट थोडे लांबवता येतात. ईथटूलच्या मोठ्या सीने आरएक्स-यूसेक्स 30 ते 60 मायक्रोसेकंद ठेवले, किंवा ड्रायव्हरमध्ये सोय असल्यास ॲडॅप्टिव्ह पर्याय चालू केला, की बहुतेक ठिकाणी समतोल साधतो. सॉफ्टनेट_स्टॅटचा तिसरा रकाना सतत वाढत असेल तर नेटडेव्ह_बजेट 300 वरून 600 करावे आणि त्याच्या जोडीचे मायक्रोसेकंदांचे मूल्यही त्याच प्रमाणात वाढवावे.

ऑफलोडच्या, म्हणजे पॅकेटांचे काम हलके करणाऱ्या, पर्यायांत जीआरओ चालू ठेवावे. ते एकाच जोडणीची लागोपाठची पॅकेटे जोडून एक मोठे पॅकेट बनवते, आणि पुढची सारी कामे त्या गठ्ठ्यामागे एकदाच होतात. एलआरओ हा त्यासारखाच दुसरा पर्याय मात्र राउटरवर बंदच हवा, कारण त्याने जोडलेली पॅकेटे पुढे पाठवताना मूळ रूपात परत आणता येत नाहीत.

फायरवॉल, कॉनट्रॅक आणि जवळची वाट

जुन्या पद्धतीच्या आयपीटेबल्समध्ये नियम वरून खाली एकेक करून तपासले जातात. ग्राहकागणिक एक नियम लिहिला असेल, तर शेवटच्या ग्राहकाच्या पॅकेटला शेकडो तपासण्या पार कराव्या लागतात. एनएफटेबल्समध्ये, जे 2014 च्या जानेवारीत 3.13 या कर्नलबरोबर आले, सर्व पत्ते एका संचात ठेवून एकाच शोधात निर्णय घेता येतो. हा बदल करण्यात एखादी दुपार जाईल, पण ती सत्कारणी लागेल. त्यासोबत, आधीच प्रस्थापित झालेल्या जोडण्यांना परवानगी देणारा नियम साखळीच्या अगदी वर ठेवावा.

नॅट करणारे यंत्र प्रत्येक जोडणीची नोंद कॉनट्रॅकमध्ये ठेवते. टेबल भरली की नवी जोडणी होत नाही. ग्राहक म्हणतो की नेट चालू आहे पण पान उघडत नाही. एनएफ_कॉनट्रॅक_काउंट आणि एनएफ_कॉनट्रॅक_मॅक्स यांची तुलना करावी आणि गर्दीच्या वेळच्या संख्येच्या दुप्पट तरी जागा ठेवावी. एका नोंदीला साधारण तीनशे बाइट लागतात, म्हणजे दहा लाख नोंदी म्हणजे 300 मेगाबाइटच्या आसपास. आजच्या यंत्राला हे ओझे नाही. कमाल संख्या वाढवताना हॅश बकेटांची (नोंदी विभागून ठेवणाऱ्या कप्प्यांची) संख्याही वाढवावी, अन्यथा प्रत्येक शोध लांबतो. प्रस्थापित टीसीपी जोडणीची मुदत सुरुवातीला 4,32,000 सेकंद, म्हणजे पाच दिवस असते. वीज गेल्यावर एकाएकी बंद पडलेल्या शेकडो घरांतल्या मृत जोडण्या त्यामुळे पाच दिवस जागा अडवून बसतात. ती मुदत 7,440 सेकंदांपर्यंत आणता येते. आरएफसी 5382 या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजानुसार नॅटने निष्क्रिय टीसीपी जोडणी किमान दोन तास चार मिनिटे टिकवली पाहिजे, आणि हा आकडा तोच आहे. त्याखाली जाऊ नये.

यापुढची पायरी म्हणजे फ्लोटेबल, जी कर्नल 4.16 पासून उपलब्ध आहे. जोडणी एकदा प्रस्थापित झाली की तिची नोंद या टेबलमध्ये करता येते आणि नंतरची पॅकेटे फायरवॉलचा नेहमीचा लांब मार्ग सोडून थेट बाहेरच्या पोर्टकडे जातात. एनएफटेबल्सच्या फाइलमध्ये फ्लोटेबलची व्याख्या करून तिला इन्ग्रेसशी (पॅकेट आत येण्याच्या टप्प्याशी) जोडायचे, दोन्ही कार्डांची नावे द्यायची, आणि फॉरवर्ड साखळीत टीसीपी व यूडीपीसाठी फ्लो ॲडचा एक नियम लिहायचा, एवढेच काम आहे. 5.13 या आवृत्तीपासून व्हीएलएएन आणि पीपीपीओई इंटरफेसच्या मागचे खरे कार्डही तिला ओळखता येते. ज्यांच्याकडे ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची लिनक्स प्रणाली आहे त्यांना हीच सोय सॉफ्टवेअर फ्लो ऑफलोडिंग या नावाने फायरवॉलच्या पानावर मिळेल, आणि मायक्रोटिकच्या राउटरमध्ये फास्टट्रॅक हे त्याच जातीचे साधन आहे.

फायद्याबरोबर किंमतही समजून घ्यावी. जवळच्या वाटेने गेलेली पॅकेटे फॉरवर्ड साखळीत दिसत नाहीत, त्यामुळे तिथले डेटा मोजणारे किंवा पॅकेटांवर खूण करणारे नियम निकामी होतात. फास्टट्रॅकमध्ये सिंपल क्यूही (मायक्रोटिकमध्ये ग्राहकाचा वेग ठरवणाऱ्या रांगा) टाळल्या जातात. म्हणजे ग्राहकाच्या प्लॅनप्रमाणे वेग मर्यादित करण्याचे काम जर त्याच सिंपल क्यूंवर अवलंबून असेल, तर फास्टट्रॅक लावताच सर्वांना अमर्याद वेग मिळू लागेल. आधी हे तपासावे, मगच ही सोय लावावी.

नॅटचे ओझे मुळातूनच कमी करायचे असेल तर ग्राहकांना आयपीव्ही6, म्हणजे मुबलक पत्ते असलेली नवी पत्तापद्धत, द्यावी. मोठ्या व्हिडिओ सेवा आयपीव्ही6 वर चालतात, आणि त्या वर्दळीला नॅटची गरजच राहत नाही.

लिंक भरलेली असेल तेव्हा

पॅकेट वेगाने हाताळले तरी पुढची लिंक भरलेली असेल तर रांग लागणारच. तेव्हा रांग कशी सांभाळायची हा प्रश्न उरतो. लांबच लांब साधी रांग ठेवली की कोणाचे तरी मोठे डाउनलोड ती अडवते, आणि व्हिडिओ कॉलचे छोटे पॅकेट मागे ताटकळते. एफक्यू_कोडेल ही पद्धत जोडण्यांना वेगवेगळ्या रांगा देते आणि पॅकेटे सतत 5 मिलिसेकंदांहून अधिक थांबू लागली की काही टाकून देऊन पाठवणाऱ्याला वेग कमी करायला लावते. कर्नल 4.19 मध्ये आलेली केक ही त्याची पुढची आवृत्ती म्हणता येईल. तिच्यात वेगमर्यादा आणि ग्राहकांमधली समान वाटणी दोन्ही आहेत. मर्यादा लिंकच्या प्रत्यक्ष वेगाच्या 95 टक्क्यांच्या आसपास ठेवावी, म्हणजे रांग आपल्या ताब्यात राहते.

एकाच पोर्टवर एचटीबी या वेग वाटून देणाऱ्या पद्धतीची मोठी उतरंड रचून सर्व ग्राहकांचे वेग ठरवण्याची प्रथा आहे. ती अनेक कोअर असलेल्या यंत्राला मारक आहे, कारण त्या उतरंडीला एकच कुलूप असते आणि सर्व कोअर त्याच्यासाठी थांबतात. लिब्रेक्यूओएस हा मुक्त प्रकल्प खास लहान सेवादात्यांसाठी, केक आणि एक्सडीपी (त्याची माहिती पुढच्या भागात आहे) यांची सांगड घालून, हे काम कोअरांमध्ये वाटतो. तो जरूर पाहावा.

एक्सडीपी आणि डीपीडीके कोणाला हवे

2016 साली कर्नल 4.8 मध्ये आलेले एक्सडीपी एक छोटा तपासलेला प्रोग्रॅम थेट ड्रायव्हरमध्ये चालवते. कर्नलने पॅकेटसाठी नेहमीची रचना तयार करण्याआधीच ते टाकायचे, पुढे जाऊ द्यायचे, आल्या वाटेने परत पाठवायचे की दुसऱ्या पोर्टकडे वळवायचे हे ठरते. 2018 मध्ये त्याच्या निर्मात्यांनी प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात एका कोअरवर सेकंदाला 2 कोटी 40 लाख पॅकेटे टाकून देता येतात असे दाखवले होते. नको असलेली वर्दळ अडवण्यासाठी याहून चांगले साधन साध्या यंत्रावर मिळत नाही. प्रोग्रॅमिंग येत नसेल तरी एक्सडीपी-टूल्समधले एक्सडीपी-फिल्टर वापरून पत्त्यांची यादी अडवता येते. लावल्यावर आयपी लिंकच्या उत्तरात जेनेरिक असा उल्लेख आला, तर ड्रायव्हरचा आधार मिळालेला नाही आणि वेगाचा मोठा भाग हुकला आहे असे समजावे. बाहेरून आलेल्या हल्ल्याने आपली लिंकच भरली असेल तर मात्र आपल्या यंत्रावर पॅकेटे टाकून उपयोग होत नाही. वरच्या पुरवठादाराकडेच हल्ला झालेला पत्ता ब्लॅकहोल करून (त्याच्याकडे जाणारी पॅकेटे तिथेच टाकायला लावून) घ्यावा लागतो, आणि त्याची व्यवस्था हल्ला होण्याआधी ठरवून ठेवावी लागते.

डीपीडीके याहून पुढे जाते आणि कार्ड कर्नलच्या हातातून काढून थेट प्रोग्रॅमकडे देते. त्यासाठी ह्यूज पेजेस (मेमरीचे मोठे तुकडे) राखून ठेवावी लागतात, कार्डाला प्रोग्रॅमच्या हाती देणारा व्हीएफआयओ ड्रायव्हर लावावा लागतो, आणि काही कोअर याच कामाला कायमचे वाहून द्यावे लागतात. हे कोअर पॅकेट असो वा नसो सतत कार्डाकडे विचारणा करत राहतात, म्हणून पहाटे तीन वाजताही शंभर टक्के भरलेले दिसतात. त्यावर उभे असलेले व्हीपीपी पॅकेटे 256 पर्यंतच्या गटाने हाताळते आणि राउटरची तयार कामे पुरवते. वेग अफाट मिळतो, पण टीसीपीडंपसारखी रोजची साधने त्या कार्डावर चालत नाहीत, यंत्राच्या देखरेखीसाठी वेगळे कार्ड लागते, विजेचा आणि उष्णतेचा भार कायम राहतो. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या खोलीत हा खर्च लगेच जाणवतो. 10 गिगाबिटच्या आत असलेल्या चालकाला याची गरज नाही असे माझे स्पष्ट मत आहे. आधीच्या पायऱ्या नीट केल्या तर साधे कर्नल ते काम पेलते.

पडताळणी आणि बदल टिकवणे

एका वेळी एकच बदल करावा आणि त्यानंतरची एक रात्रीची गर्दी पाहूनच दुसरा करावा. आयपर्फ3 या वेग मोजणाऱ्या साधनाने एकाच जोडणीची चाचणी घेतली तर एकाच कोअरची परीक्षा होते, म्हणून अनेक समांतर जोडण्या द्याव्यात. लहान पॅकेटांची चाचणी हवी असेल तर कर्नलमधले पॅकेटजेन किंवा सिस्कोने विकसित केलेले टीरेक्स वापरावे, आणि आरएफसी 2544 मध्ये दिलेल्या 64 पासून 1,518 बाइटपर्यंतच्या आकारांवर निकाल घ्यावा. ही चाचणी ग्राहक जोडलेल्या यंत्रावर कधीही करू नये.

ईथटूलने आणि सिस फाइलींत केलेले सर्व बदल यंत्र बंद होताच पुसले जातात. आपल्याकडे रात्री वीज गेली, बॅटरी संपली आणि पहाटे यंत्र आपोआप सुरू झाले, तर सकाळी सारे जुन्या स्थितीत आलेले असते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून सिसकंट्रोलची (नेटडेव्ह_बजेट, कॉनट्रॅक अशी कर्नलची) मूल्ये ईटीसीमधल्या सिसकंट्रोल-डी फोल्डरात एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवावीत, आणि रांगा, बफर, आरपीएस व इंटरप्टची वाटणी यांसाठी एक छोटी स्क्रिप्ट लिहून ती सिस्टीमडीच्या सेवेतून, कार्ड तयार झाल्यानंतर आणि पीपीपीओई सर्व्हर सुरू होण्याआधी चालेल अशी लावावी. स्क्रिप्टच्या प्रत्येक ओळीवर तारीख आणि तो बदल कोणत्या आकड्यामुळे केला हे टिपून ठेवावे. शेवटी एका पहाटे यंत्र मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू करावे आणि ईथटूल लहान एल, लहान जी आणि लहान सीसह चालवून, तसेच आरपीएस_सीपीयूज फाइल उघडून, सर्व मूल्ये परत जागेवर आली आहेत याची खात्री करून घ्यावी.